नववी पायरी

पुढून पाहिलंत तर घर सरळ आहे.
मधोमध दार, दोन्हीकडे तीन-तीन खिडक्या.
काच कुठेच नाही, नुसत्या लाकडी झिलमिल्या:
वारा आत यावा, नजर बाहेर जावी,
बाहेरच्याला मात्र आतलं काही दिसू नये.
समोर कोमेवाइन नदी. ओहोटीला चिखल उघडा पडतो
आणि त्यावर शेंदरी पक्षी उतरतात.

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं वागिमिनकडे.
"चौदा मीटर वीस," तो ओरडतो. मी लिहिते.
दुरुस्तीआधी सरकारला नकाशा हवाय.

घर जमिनीला टेकलेलं नाही.
विटांच्या बुटक्या खांबांवर उभं,
चिखलातून झगा सावरून धरावा तसं.
विटा हॉलंडच्या. रिकामं जहाज डोलू नये म्हणून
पोटात भरून आणलेल्या;
परतताना त्याच जागी कॉफी.
माणसं दुसऱ्या जहाजांतून आली.
त्यांचं वजन वेगळ्या वहीत.

मळ्याचं नाव लाटे विन्स्ट, म्हणजे उशिराचा नफा.
मालक डोर्लास.
सुटकेच्या वर्षी कारकुनाला आडनावं पुरेनात,
त्यानं साहेबाचंच नाव शेवटाकडून वाचलं
आणि आम्ही साल्रोड झालो.
सही करताना अजून वाटतं,
कुणाचा तरी अंगरखा उलटा घालून हिंडतेय,
शिवण बाहेर.

मागचा जिना पाहुण्यांना कुणी दाखवत नाही.
भिंतीत कोंबलेला, शिडीच म्हणा.
ताटं वर, तस्तं खाली.
ब्रुइनहार्टचं लाकूड, कुऱ्हाडीची धार मोडणारं,
अनवाणी पायांनी मधे झिजून
पन्हळीसारखं झालंय.

एकोणीस सेंटिमीटर. एकोणीस. एकोणीस.
नववी: साडेतेवीस.
पुन्हा मोजते.
"सुताराची चूक," वागिमिन म्हणतो.
याच सुतारानं छपराच्या सांध्यांत
एकही खिळा वापरलेला नाही.
तिथे आजही सुरीचं पातं शिरत नाही.

रोजच्या पायांना ती पायरी पाठ असणार.
नसेल फक्त त्याला,
जो दिवसा पुढच्या रुंद जिन्यानं हिंडे
आणि रात्री कंदील विझवून
मागच्यानं उतरे, स्वयंपाकघरामागच्या कोठीकडे.
कोठीचा पाया अजून आहे. अडीच मीटर बाय दोन.

वह्यांत काही नाही.
पोत्यांचा हिशोब आहे, तापाचा आहे,
कोण पडलं याचा नाही.

वागिमिन पायरीवर बसून डास मारतो.
त्याची पणजी जावाहून करारावर आलेली,
याच जिन्यानं पाणी वाहायची.
"आजी तिच्याकडून शिकली," तो म्हणतो,
"कुठलाही जिना असो, आठ मोजायचे
आणि पाय उंच उचलायचा.
पारामारिबोच्या दवाखान्यात, सिमेंटच्या पायऱ्यांवर,
सगळे हसले होते तिला.
का ते तिलाही माहीत नव्हतं."

फॉर्मवर छापलेलंच असतं: समपातळी करणे.
मी खोडते. लिहिते:
साडेतेवीस. तशीच ठेवावी.
कारणाचा रकाना दोन बोटांचा आहे.

भरती लागली, होडीवाला हाका मारतोय.
टेप गुंडाळत मी उतरते,
बोलण्याच्या नादात मोजायचं राहतं,
आणि वागिमिन पटकन माझा दंड धरतो.