विरजण

इंदुरात, सियागंजातल्या ठोक किराणावाल्यांसाठी
हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं आम्ही, मी आणि हेरंब पागे,
स्कीम चौपन्नमध्ये, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर.
नऊ वर्षं. दोनशे अकरा दुकानं.
प्रत्येक ठिकाणी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः गेलो,
हिंगाचा वास शर्टाला लागून घरापर्यंत यायचा.

आता कंपनी विकायची आहे.
घेणाऱ्यांच्या वकीलबाई, सलूजा मॅडम,
फार शांतपणे विचारतात:
यातलं तुमचं किती, आणि आणलेलं किती?
यादी द्या. नावांसकट.

उकरत बसलो.
तीनशे चाळीस ओळी निघाल्या
गिऱ्हाइकांची नावं अकारविल्हे लावणाऱ्या.
क्ष मराठीत सगळ्यांच्या शेवटी, हिंदीत क-च्या घरात,
अनुस्वार कुणाच्या आधी, नुक्ता कुणाच्या मागे:
क्षितीश बरुआ नावाच्या कुणा माणसानं
हे सगळं निगुतीनं सोडवून उघड्यावर ठेवलेलं.
सोबत परवाना, चार वाक्यांचा:
घ्या. बदला. हवं तर विका.
पण ज्याला द्याल, त्याला तुमचंही सगळं उघडून द्या.

आमच्या फाइलीत ही वाक्यं नव्हती.
जुन्या आवृत्तीत होती.
पुसल्याची तारीख, दुपारचे दोन सतरा,
आणि पुसणाऱ्याचं नाव.
माझं.

"चमचाभरच तर होतं," मी म्हणालो.
हेरंब पडद्याकडे बघत म्हणाला,
"विरजण चमचाभरच लागतं.
काढ ना मग तो चमचा परत."

काढून पाहिला. तीन रात्री.
नव्यानं लिहायला बसलो की
बोटं त्याच्याच वळणानं जायची,
मुद्दाम चूक करावी म्हटलं
तर तीही त्यानं आधीच ओळखून टाळलेली.

शेवटी पत्र लिहिलं त्याला.
काय घेतलं, कधीपासून, त्यावर किती मिळवलं.
'अनवधानानं' असा शब्द आला होता, तो खोडला.
पहाटे पाठवलं. उत्तर नाही अजून.
कंपनीचा भाव पडला असेल, नसेल,
सलूजा मॅडम शांतच आहेत.

मग ती चार वाक्यं
जिथून काढली तिथे परत ठेवली
आणि मॅडमची यादी करायला घेतली.
नावं टाकली, मराठी निवडली, बटण दाबलं.
क्षितीश बरुआ: सगळ्यांच्या शेवटी.
हिंदी निवडली.
क-मध्ये, कुणा कौस्तुभच्या खाली.

बरोबर आहे.
दोन्हीकडे बरोबर आहे.