कलम नऊ

ऑरिन थॅचरच्या मृत्युपत्रात, कलम नऊ:
"माझी पेटी उचलणाऱ्या सहा जणांना
प्रत्येकी चाळीस डॉलर द्यावेत, रोख,
उचलण्याआधी. उपकार नकोत."

वकिलाने हे चर्चच्या पायरीवर वाचलं.
आयडाहोच्या आमच्या खोऱ्यात मार्च संपत आला होता,
कोणी हसलं नाही.
मी चौथा. लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
खांदा देतात म्हणे.
आम्ही विकला.

पूल त्याचाच.
काउंटीने तीनदा अर्ज परत पाठवला, तेव्हा
स्वतःचं रान तोडून, स्वतःच्या करवतीवर फळ्या चिरून
त्याने तो बांधला, आणि टोकाला पत्र्याचा डबा: एक डॉलर.
ॲम्ब्युलन्सकडूनही घेतला एकदा.
चालकाने जाताना दिला, येताना पुन्हा दिला,
आणि गाव अकरा वर्षं त्या दोन डॉलरांवर जेवलं.

मी त्याचे कराचे कागद भरायचो.
"स्वार्थ ही शिवी नव्हे," माझ्या टेबलाशी बसून तो म्हणायचा,
"मी कोणाच्या पाठीवर बसत नाही
आणि कोणाला माझ्या पाठीवर बसू देत नाही.
यात पाप कुठे आहे, आकड्यात दाखव."
आकड्यात मला कधीच दाखवता आलं नाही.

डेल्मा प्रुइटने दाखवलं. तिसरीच्या बाई त्याच्या.
हॉटेलात, पॅनकेकवर पाक ओतता ओतता:
"साता आठे छप्पन्न तुला कोणी शिकवलं, ऑरिन?"
"त्याचा पगार होता तुम्हाला."
"पगार तीनपर्यंतचा. तू सहापर्यंत बसायचास,
कारण घरी तुझा बाप शुद्धीत नसायचा."

तो काट्याने अंडं उकरत राहिला.
दुसऱ्या दिवशी चेक घेऊन तिच्या दारात:
तास गुणिले दर, अधिक व्याज.
तिने तो फ्रिजवर लावला, पेरूच्या आकाराच्या चुंबकाखाली.

चेक सहा महिन्यांत मरतो.
म्हणून दर डिसेंबरात नवा, वाढीव व्याजाचा.
"वटवलात का, बाई?"
"नाही."
"हिशेब उघडा राहतो."
"राहू दे की. त्या निमित्ताने येतोस तरी."
बर्फातून आला म्हणून ती कॉफी करायची.
कॉफीचे पैसे तो बशीखाली ठेवून जायचा.

कब्रस्तान पलीकडच्या काठावर.
पुलाचे कठडे आत आलेले, म्हणून पेटी खांद्यावर घेतली.
सहावा लिफाफा तिच्या नावचा निघाला, वय चौऱ्याऐंशी.
तिने लाकडावर नुसता हात ठेवला आणि चालू लागली.
डब्यापाशी म्हणाली, "थांबा."
लिफाफा फटीत जाईना. तिने तो दुमडला, पुन्हा दुमडला.
वर वजन, खाली पाणी,
माझ्या मानेतली शीर ताठ झाली होती.
"घाई नको," ती म्हणाली,
"पावती झाल्याशिवाय तो पुढे जायचा नाही."

आता पूल काउंटीचा. डबा काढला. फुकट.
वर्षभरात उत्तरेकडून चौथी फळी कुजली.
कोणीतरी बघायला हवं, असं पाद्री म्हणतात,
डेल्मा म्हणते, मीही म्हणतो.
सगळ्यांचा झाल्यापासून
तो नेमका कोणाचा, हे विचारायला कोणी उरलेलं नाही.

तो पहाटे चारला मीठ टाकायचा.
ज्या दिवशी एकही गाडी येणार नाही, त्या दिवशीही.
का, म्हणून मी एकदा विचारलं होतं.
"माझा पूल आहे," तो म्हणाला,
जणू ते कारण होतं,
आणि ते होतंही;
आम्ही पलीकडे सुखरूप पोचायचो.

लिफाफा मी खर्चला नव्हता.
काल तो घेऊन दुकानात गेलो:
एक फळी लार्चची, पाच इंची खिळे, मूठभर.
गल्ल्यावरच्या पोरीने च्युइंगगम गालात सारलं.
"बिल कोणाच्या नावाने? काउंटी? चर्च?
की तुमचं स्वतःचंच काम?"

मागे रांगेत कोणीतरी खोकलं.
मी अजून विचार करत होतो.