पावणेपाचचा टेम्पो

महिन्याच्या मीटिंगला मी हिरवा रंग घेऊन गेले.
सर्व्हर हिरवे, नेटवर्क हिरवं, बॅकअप हिरवा.
नव्व्याण्णव पूर्णांक चौऱ्याण्णव टक्के चालू,
हा आकडा इतक्या मोठ्या टाइपात
की पत्रिकेवरच्या गणपतीनं लाजावं.

मुनोतशेठनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मॅडम, मंगळवारी चाकणचा टेम्पो किती वाजता सुटला?"

माझ्याकडे मंगळवारचा सेकंद न् सेकंद होता,
कुठली डिस्क भरत आली, कुठली लाइन क्षणभर अडखळली.
टेम्पो नव्हता.

"पावणेपाचचा पावणेसहाला," गव्हाणे दारातून म्हणाले.
त्यांना मीटिंगला कुणी बोलावलं नव्हतं,
गेटपासवर सही हवी होती म्हणून आले होते.
"लेबलचा प्रिंटर बसला."

आपल्याकडे आवाज बसतो, धंदा बसतो.
प्रिंटर बसला की धंदा
त्याच्या शेजारी मांडी घालून बसतो.
माझ्या यादीत तो एकशे बारावा होता.
महत्त्व: कमी.
अक्षर माझंच.

चारशे खोकी गॅस्केट, मापात बिनचूक,
पण खोक्यांवर नाव नाही,
आणि बिननावाचा माल चाकणच्या फाटकातून आत जात नाही.
तासाचा दंड बहात्तर हजार.
मी पुढची स्लाइड लावली.
तीही हिरवी होती.

दुसऱ्या दिवशी गेट नंबर तीनला जाऊन बसले,
सात वर्षांत पहिल्यांदा.
पत्र्याची शेड, प्रिंटरवर जुन्या टॉवेलची झूल,
शेजारी टूथब्रश, आणि पुठ्ठ्यावर मार्करनं:
'अडला तर दोन थापा. तिसरी नको.'
आमच्या सगळ्या मॅन्युअलांत मिळून
इतकं स्वच्छ वाक्य नाही.

गव्हाण्यांनी वही पुढे केली.
चार वर्षांचे टेम्पो, सुटण्याची वेळ, उशिराचं कारण.
पंक्चर. मोशीची जत्रा. ड्रायव्हर जेवत होता.
आणि मधूनच लाल शाईत एक शब्द: कॉम्प्युटर.
सव्वीस वेळा.
मी बोट ठेवून मोजले.
बहुतेक मंगळवार.

मंगळवारी चारला अपडेट सोडायचे, हे मीच ठरवलेलं.
तेव्हा पोरं ताजी असतात, चहा झालेला असतो.
माझ्या नोंदींत ते सगळे अपडेट
'यशस्वी' आहेत.

निनाद पोंक्षे म्हणाला, "मॅम, गुरुवार घेऊ या."
भोसरीचा गुरुवार, सुट्टीचा, मुक्या मशिनांचा.
"आणि तुझी सुट्टी?"
तो खांदे उडवून हसला.
उत्तर मी अजून शोधते आहे.

यादी आता उलटी केली आहे.
लेबलचा प्रिंटर पहिला, त्याला एक जुळा भाऊही आणला.
शेठचा ईमेल एकेचाळिसावा.
शेठना सांगितलेलं नाही. विचारतील तेव्हा बघू.

पुढच्या मीटिंगला एकच ओळ नेली:
पंचवीस टेम्पो, बावीस वेळेवर.
शेठ उरलेल्या तिनांकडे बराच वेळ बघत राहिले.
"एक पंक्चर, दोन मॅडमचे," गव्हाणे म्हणाले.
या वेळी त्यांना खुर्ची होती.

परवा दातांच्या डॉक्टरकडे जायला लवकर निघाले.
मोशीच्या सिग्नलला शेजारी एमएच चौदा,
ताडपत्रीचा कोपरा सुटलेला, खाली एक खोकं,
त्यावर पांढरं लेबल, किंचित तिरकं चिकटवलेलं.
घड्याळात चार अठ्ठावन्न.
पुढे रस्ता खोदलेला, एकाच गाडीपुरता.

सिग्नल सुटला.
मी क्लचवरचा पाय तसाच ठेवला,
त्याला आधी जाऊ दिलं.
मागचा हॉर्न वाजवत राहिला.