एक वजा

लोरेटा हावलिकनं कॉफीचा डबा टेबलावर उपडा केला.
कानांतले बिल्ले. पिवळे. एक फाटून अर्धाच राहिलेला,
दोन-तिघांना अजून केस चिकटलेले.
"मोज," म्हणाली. "मी दोनदा मोजलेत,
तिसऱ्यांदा जमायचं नाही."

मार्चचं वादळ नायोब्रारा ओलांडून आलं
त्याला तेव्हा सतरा दिवस झाले होते.
बर्फ उतरेल तसे
कुंपणाच्या कडेकडेनं पाय वर येत होते.
जनावर वाऱ्याला पाठ देऊन चालत राहतं, तार लागेपर्यंत.
मग थांबतं. मागचं पुढच्यावर.

मी काउंटीच्या शेती कार्यालयात खिडकीपाशी बसते.
नेब्रास्कात मला सगळे हेम म्हणतात,
हेमांगी म्हणायला त्यांना वेळ नाही, आणि आता मलाही नाही.
फॉर्मवर रकाने वजनाचे:
अडीचशे पौंडांच्या आतलं, त्यावरचं, पूर्ण वाढलेलं.
बाजारभावाच्या पाऊण हिश्शानं दर.
पाडी, कालवड, पहिलारू, दुभती, भाकड
हे शब्द मी तोंडातच ठेवते
आणि पौंड लिहिते.

"एकतीस गाभण होत्या," ती म्हणाली,
"आठवड्याभरात व्यायच्या."
मी पान उलटून पाहिलं, उत्तर माहीत असून.
पोटातल्याला रकाना नाही.
जन्मलं, एकदा श्वास घेतला आणि गेलं, तर पैसे आहेत.
हे मी हळू आवाजात सांगितलं.
"म्हणजे श्वासाचे पैसे."
"हो. तसंच काहीसं."

फोटो जोडले, पशुवैद्याचा दाखला जोडला.
साक्षीदार म्हणून शेजारी ऑर्विल टीगन,
सही करताना त्यानं हातमोजासुद्धा काढला नाही.
आमच्या गावी तलाठी यायचा, खुर्ची मागायचा,
चहा होईपर्यंत पंच गोळा व्हायचे.
इथं दहा मैलांत दोन घरं.
पाच माणसं आणायची कुठून?
हा आपला एकनामा.

एकूण त्रेसष्ट. फाइल वर गेली.

नऊ एप्रिलला ती पुन्हा आली, चाळीस मैल चिखलातून,
बुटांना शेण तसंच.
"बासष्ट कर."
मला कळेना.
"तो अर्धा बिल्ला. तारेत अडकलेला मिळाला होता,
खाली जनावर नव्हतंच. मी गेली धरली.
काल संध्याकाळी फाटकाशी उभी.
कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा."

"आणि वासरू?"
"पोट रिकामं. कुठं व्याली, ते सांगत नाही.
श्वास घेतला होता का, तुझ्या फॉर्मला विचार."

पैसे अजून आलेले नव्हते.
एक गाय कमी केली नसती
तर वॉशिंग्टनहून कुणी हुडकायला आलं नसतं.
हे मी बोलले नाही,
तिनंही बोलू दिलं नाही.

खोडलेल्या आकड्याशेजारी दोघींची आद्याक्षरं लागतात.
कारणासाठी अर्धी ओळ.
जनावर जिवंत, मी लिहिलं.
त्यापुढं थोडी जागा उरली, पेन तिथंच रेंगाळलं.

लोरेटा ट्रक चालूच ठेवून आत आली होती.
"झालं ना? निघते.
तिला पाणी दाखवायचंय."