रंगाच्या हौदातला मासा

समुद्र इथून तीन-साडेतीनशे किलोमीटर.
मी तो नीलमनगरच्या मागं केला,
बंद पडलेल्या डाइंगच्या हौदात,
बावीस फूट लांब, छातीइतका खोल.

शहरात नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणून समुद्र टँकरने आला. उधारीवर.
पाइप सोडता सोडता दासरी म्हणाला,
"मासे पाळायलाव काय?"
म्हटलं, एकच. तोही रबराचा.

मल्लय्या जॉबर, म्हणजे माझे नाना,
त्यांनी भंगारात निघालेल्या मागाचा हात्या आणला,
त्याला पत्र्याची फळी ठोकली,
दोन पुल्या लावून मोटरची चाल उतरवली.
मिनिटाला एकशेदहा ठोके मारणारा हात्या
आता चाळीसदा पाण्याला लोटायचा
आणि पाणी फुगून पलीकडच्या भिंतीकडे निघायचं.
"जन्मभर बाणा रेटला यानं," नाना म्हणाले,
"आता जरा मऊ काम करू दे की."

माशाला डोळे नव्हते, खवले नव्हते.
ट्यूबचं रबर, आत फणीच्या पोलादी काड्या,
मुळाशी दाट, टोकाकडे विरळ,
पोटात खेळण्यातली मोटर.
पंखा का नाही लावत, नानांनी विचारलं होतं.
पंखा पाणी कापतो, मी म्हणाले,
आणि मग त्यांना हिप्परग्याला नेलं, भोयांच्या काठावर.
उथळात मरळ होता. नाना उकिडवे बसून
अर्धा तास काही बोलले नाहीत.
शेपूट डावीकडे, एक गिरकी सुटते.
शेपूट उजवीकडे, उलटी दुसरी.
दोन गिरक्यांच्या फटीतून पाणी मागं निसटतं
आणि मासा पुढं.
"ताण्याच्या दोन पदरांमधून धोटा जातो," नाना म्हणाले,
"तसं. पण आवाज नाही."

आवाज नाही, हेच त्यांना बराच वेळ पटेना.

गिरक्या मला आकड्यांत माहीत होत्या,
दिसल्या त्या एका मंगळवारी.
हौदाच्या कोपऱ्यातली जुनी मरून खपली सुटली,
रंग पाण्यात उतरला,
आणि शेपटीमागं उमटत गेली
एकाआड एक वेलांटी, डावी, उजवी, डावी.
नाना बोटांवर मोजू लागले.
"याचे पत्ते पाडता येतील. किनारीला."

त्याच दिवशी बॅटरी संपली.
मोटर गप्प. लाटा चालूच.
आता मासा लाटांबरोबर मागं जाणार,
मी काठी घेऊन त्याला ओढायला वाकले.

मासा मागं गेला नाही.
लाट आली, तिनं शेपूट उचललं,
लाट गेली, शेपूट पडलं,
पडताना वाकलं, वाकताना पाणी मागं सारलं,
आणि मासा बोटभर पुढं.
मग वीतभर. लाटेच्या तोंडावर.
मी वहीत वेळ लिहिली, चार बावीस,
आणि पुढचं लिहायचं राहिलं.

"कोण चालवतंय याला?"
लाटच.
"आणि खऱ्या समुद्रात लाट कोण चालवतं?"
वारा.
"त्याला सुट्टी?"
नसते.
"पगार?"
मी हसले. नाना हसले नाहीत.

मिल बंद झाली त्या वर्षी
नानांचा उजवा हात झोपेत हँडल ओढायचा.
अम्मा त्यावर आपला हात ठेवायची,
तरी मनगट थोडं थोडं जायचंच.
हे मला तेव्हा हौदाशी आठवलं,
की नंतर, हे आता सांगता येणार नाही.

मासा फळीपाशी पोचला.
टक. पत्र्यावर नाक आपटलं.
फळीनं लोटलं, तो पुन्हा आला. टक.
मी मोटर बंद करायला वळले.
"राहू दे," नाना म्हणाले.
भुवईवर सुटलेल्या धोट्याची खूण असलेला माणूस
बाही न सरकवता पाण्यात वाकला
आणि पत्रा आणि मासा यांच्या मध्ये
तळहात उभा धरला.

टक नाही. नुसतं पाणी.
शर्टाची बाही कोपरापर्यंत मरून.