तक्रार क्रमांक एकशे सत्तेचाळीस

फाल्गुन सरत आलेला. संध्याकाळी सातच्या सुमारास
खिडकीबाहेरची चिंच आधी गप्प झाली,
मग अंगात आल्यासारखी घुमू लागली.
मी खुर्ची ओढली, पेन झटकलं.
अकरा वर्षं बडोद्याच्या वीज-तक्रारी लिहिल्या की
वारा कानांआधी बोटांना कळतो.

पहिला फोन सात अठराला. पाणीगेट.
मग नवापुरा, खारीवाव, वाडी,
मग एकदम सगळंच.
बेन, लाईट क्यारे आवशे?
ताई, अजून किती वेळ?
मॅडम, खांबावरून ठिणग्या पडतायत, पोरांना आत घेतलंय.
हा लाल पेनानं, सगळ्यांच्या वर.

कुणाचा तरी पत्रा कुणाच्या तरी गॅलरीत येऊन पडला
आणि दोघेही मलाच विचारतात, आता हा कुणाचा?

कारेलीबागेतली एक मुलगी. रडत नव्हती, आवाज कोरडा.
उद्या दहावीचं गणित, प्रमेय अर्ध्यावर.
मेणबत्ती आहे?
आहे, वारा टिकू देत नाही.
मग डोळे मिट, पुढच्या पायऱ्या म्हण, मी ऐकते.
तिने म्हटल्या: समांतर रेषा, छेदिका, प्रमाण...
बाजूचे दोन फोन वाजत राहिले.
मला त्यातलं काही येत नाही. बरोबर आहे, म्हटलं.

जयंती राठवा निघाला तेव्हा गारा थांबल्या होत्या.
उभा पाऊस छत्रीवाल्यांचा, म्हणाला, आडवा आपला.
कंपनीने दिलेले रबरी हातमोजे
दोन्ही डाव्या हाताचे.
एक उलटा करून घातला आणि जीपमध्ये शिडी चढवली.

नऊ चाळीस. डांडिया बाजार.
"पागेदार बोलतोय. आमची लाईट गेली नाही."
काय?
"गेली नाही. अख्ख्या गल्लीची गेली, आमची आहे.
ट्यूब चालू, पंखा चालू, देवापुढचा लाल बल्बसुद्धा.
समोरचे सगळे ओट्यांवर येऊन बघतायत.
काहीतरी करा."
फेज वेगळी असेल, काका. लाजच वाटत असेल तर
मेन स्विच बंद करा.

मग नुसता पाऊस ऐकू आला,
त्यांच्या बाजूचा आणि माझ्या बाजूचा,
दोन निराळे पाऊस.
"तेच करायला उठलो होतो," ते म्हणाले,
"पण इकडे मी एकटाच असतो.
ह्या खिडकीकडे कुणी बघितल्याला
बरीच वर्षं झाली."

मी काही बोलणार तोच लाईन कटली.
त्या रात्री काय काय तुटलं, त्यातली तीही एक.

अडीचला राठवा परतला. कोपरापर्यंत काळा,
हातात पतंगाचा सांगाडा, दोन कामट्या, गुंडाळलेला मांजा.
उत्तरायणातला. दोन महिने डीपीवर लटकत होता,
आज भिजला आणि अख्खी गल्ली घेऊन गेला.
कागद उरलाच नव्हता, फक्त शेपटीचं गुलाबी टोक.

डांडिया बाजारात एक घर चालू होतं ना रे?
होतं की. दारात तीसेक चपला, सगळ्या ओल्या.
आत पोरं जमिनीवर वह्या पसरून, एक बाई वाटाणे सोलत,
भिंतीला प्लग दिसेल तिथे मोबाईल.
म्हातारा मोठ्या पातेल्यात चहा करत होता.
मलाही दिला. साखर जरा जास्तच.
मी तिकडून लाईन जोडली, गल्ली उजळली,
तरी उठलं कुणीच नाही.

नोंदवहीत शेवटचा रकाना असतो:
पुरवठा सुरू झाल्याची वेळ.
पाणीगेट अकरा पाच, वाडी बारा वीस,
नवापुरा अजून अंधारात, खांबच आडवा झालाय.
एकशे सत्तेचाळीसपाशी पेन थांबलं.
मग नऊ चाळीस लिहिलं,
त्यांनी फोन केला ती वेळ.

सकाळी साहेब विचारतील, हे कसं काय?
विचारू देत.
पायरीवर आंब्याचा मोहोर पडलाय, ओला, घोट्याएवढा,
आधी तो झाडायचा आहे.