एक पैसा उजेड

मार्चातले साडेबारा. भांडुपचं मिठागर.
उघाडीशेजारी बांधावर मी पिवळी चटई अंथरली,
चटईवर ड्रोन,
अडीचशे ग्रॅमला एक ग्रॅम कमी,
परवानग्यांचे कागद त्याच्याहून जड.

वर गेला, आणि पडद्यावर काहीच नाही.
म्हणजे आधी माझंच तोंड, काचेत, घामेजलेलं.
मग ओढणीचा तंबू करून आत डोकं घातलं
तेव्हा कळलं, खरंच काही नाही,
नुसतं पांढरं.
बांध नाही, कोंडी नाही, पाणी नाही.
वर तिरके काळे पट्टे सरपटतायत:
इथलं उजेडाने खाल्लंय, बाई,
घरी नेऊन परत मिळायचं नाही.

अंधाराचं तसं नसतं.
करपलेल्या भातासारखा तो तळाला धरून राहतो,
खरवडला की निघतो थोडा, दाणेदार, कळकट, पण निघतो.
पांढरं उतू गेलं ते गेलं.

ऑटोवर ठेवावं तर कॅमेऱ्याला स्वतःचं मन.
मिठावर आला की डोळे मिचकावतो,
तिवरांवर गेला की विस्फारतो,
एका फेरीत चारदा दिवस मावळतो, चारदा उगवतो.
भिंगाची बाहुली लहान होत नाही, जन्मापासून एवढीच.
शटर पळवलं तर खालची माणसं
कळसूत्रीसारखी झटके देत चालतात.
उरल्या काचा.
डबीत चार, नखाएवढ्या, काळपट.

उतरवून सोळाची लावली. पट्टे कमी झाले, गेले नाहीत.
दंताळं टेकून हसुराम काका बघत होते.
सोळाची म्हंजे?
म्हणजे सोळातला एकच भाग उजेड आत.
आणा, ते म्हणाले.
आणि ही चौसष्टाची?
मी उत्तर शोधेपर्यंत त्यांचं बोटांवर मोजून झालं होतं:
जुन्या रुपयातला पैसा. माजा बापूस तसाच मोजायचा.

एक पैसा उजेड घेऊन यंत्र पुन्हा वर गेलं.
आकडे कुलूपबंद केले. आलेखाचा डोंगर
उजव्या भिंतीपासून जरा अलीकडे थांबला,
आणि मीठ दिसलं.
निळसर होतं. कुठे गुलाबी.
दंताळ्याचे ओरखडे, टाचांचे खळगे,
टोपल्या घेऊन ओळीने पाच बाया,
प्रत्येकीच्या पायाशी तिची आखूड सावली,
माझी चटई, हळदीच्या बोटाएवढी.

फोन थरथरला. केयूरभाई:
मॅडम, ब्राइट ठेवा. क्लीन.
जागा मोकळी मोकळी वाटली पाहिजे.

काकांनी ओढणीखाली डोकं घातलं.
आम्ही दोघं त्या तंबूत, खारट, श्वासाला श्वास.
यो माजा बांध, ते बोट ठेवत म्हणाले,
बोट दोन कोंड्या पलीकडे पडलं.
मग डावा डोळा झाकला, आणि बोट बरोबर आलं.
डाव्यात आता समदा पांढरा, गो बाय.
पन्नास वर्सं मिठाकडं बगितला, काच कोन देतो?
मी तेव्हा काही बोलले नाही.
बॅटरी तीस टक्के, असं यंत्र बोललं.

दोन्ही फाइली पाठवल्या.
केयूरभाईंनी पहिली ठेवली. पैसे वेळेवर आले.

दुसरी माझ्याकडे आहे.
बारीकसारीक काही सुधारलं नाही तिच्यात,
काचेवर मिठाचा एक कण बसला होता,
तो आभाळात डागासारखा फिरतो, फिरू दिलाय.
चौथ्या मिनिटाला, कोपऱ्यात,
एक माणूस वर बघतो,
कपाळावर आडवा हात धरून,
आणि त्या हाताची सावली बरोबर पडते,
फक्त उजव्या डोळ्यावर.